डायलिसिस आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: गोळीच्या आधी काय तपासायचं

सोलापूरच्या पूर्व भागातून एका मुलीने वडिलांबद्दल विचारलं आहे. वय 59, उभं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. गेली 6 वर्षं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. कोरडं वजन 60 किलो. हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आठ महिन्यांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून मानेतल्या कॅथेटरवर काम चाललं आहे. तंबाखू मळून खायची सवय अजून सुटलेली नाही. ताजे रिपोर्ट असे: हिमोग्लोबिन 8.4, फेरिटिन 890, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 18 टक्के, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) 3.2, सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) 22. एरिथ्रोपोएटिनचा, म्हणजे रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनचा, डोस वाढवूनही रक्त वाढत नाही. कुणीतरी ‘शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलाय’ असं सांगितलं म्हणून दुकानातून ई जीवनसत्त्व, 500 मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची गोळी आणि एक ‘अँटीऑक्सिडंट’ कॅप्सूल आणली आहे. सांगोल्याचे नातेवाईक डाळिंबं पाठवतात, तर रोज ग्लासभर रस द्यावा का, असाही प्रश्न आहे.

आधी सरळ उत्तर देतो. क जीवनसत्त्वाची 500 ची गोळी आजच थांबवा. बाकीच्या दोन्ही गोळ्यांवर पैसे घालवू नका. डाळिंब चालेल, पण रोज ग्लासभर नाही. किती आणि केव्हा ते पुढे सांगतो. वडिलांच्या शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे यात मला शंका नाही, पण तो जिथे तयार होतोय तिथे या गोळ्या पोचत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. म्हणून आग कुठे कुठे लागते ते आधी समजून घेऊ.

आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनपासून काही तिखट रसायनं बनवतात. आधी सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराच्या मदतीने हायपोक्लोरस आम्ल. गावातल्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर जंतू ज्या रसायनाने मरतात, ते हेच हायपोक्लोरस आम्ल. जंतूवर पडलं तर ते औषध, आणि आपल्याच लाल पेशीवर, रक्तवाहिनीच्या अस्तरावर, अल्ब्युमिनवर पडलं तर जखम. निरोगी शरीरात ते आवरायला ग्लुटाथायोन, क आणि ई जीवनसत्त्वं, सेलेनियम आणि झिंकवर चालणारी विकरं असतात. बनणारं जास्त आणि आवरणारं कमी झालं की जो असमतोल होतो त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मूत्रपिंड निकामी झाल्यावर तो डायलिसिसच्या आधीपासूनच असतो, कारण साचलेली विषारी द्रव्यं पेशींना डिवचत राहतात. डायलिसिस त्यातली बरीच द्रव्यं काढतं, पण स्वतःचं थोडं ओझं टाकूनही जातं.

एका सत्राचा हिशोब करून बघा. मिनिटाला 300 मिलीलीटर रक्त, चार तास. म्हणजे 72 लीटर रक्त डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरमधून, जातं. शरीरात रक्त असतं पाच लीटरच्या आसपास, म्हणजे तेच रक्त चौदा-पंधरा वेळा फिरतं, दीड चौरस मीटरच्या आसपास परक्या पृष्ठभागाला घासून. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच पूरक प्रथिनांची साखळी, म्हणजे कॉम्प्लिमेंट, चेतते आणि पांढऱ्या पेशी भडकतात. जुन्या सेल्युलोजच्या पडद्यांवर तर या वेळात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या झपकन उतरायची, कारण त्या फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत जाऊन चिकटायच्या. आजच्या पॉलिसल्फोनसारख्या पडद्यांवर हा प्रकार बराच सौम्य झाला आहे, पण शून्य नाही. आणि आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला 156 सत्रं. सहा वर्षांत हे नऊशेहून जास्त वेळा झालं आहे.

दुसरीकडे आवरणारी बाजू धुऊन जाते. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, रेणू लहान, त्यामुळे एका सत्रात रक्तातली त्याची पातळी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत उतरू शकते. शिवाय पोटॅशियमच्या भीतीने फळं-भाज्या आधीच तुटलेल्या असतात. ई जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं असल्याने डायलिसिसमध्ये निघून जात नाही, हेही लक्षात ठेवा. त्याची तूट हा मूळ दोषच नव्हे.

याचा परिणाम शरीरावर कसा दिसतो? लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, डायलिसिसवर त्यांचं आयुष्य 60 ते 90 दिवसांपर्यंत आखडतं. म्हणून इंजेक्शनं देऊनही हिमोग्लोबिन टिकत नाही. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतं. सुपरऑक्साइड त्याला गाठून त्याचं पेरॉक्सिनायट्राइट करून टाकतं, वाहिनी ताठर होते. ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल भिंतीत रुजतं आणि त्यावर कॅल्शियम बसायला वाट मिळते. डायलिसिसच्या रुग्णांत सर्वांत जास्त मृत्यू हृदयविकाराने होतात, त्यामागचा हा एक धागा. स्नायू झडतात, भूक मरते, अल्ब्युमिन उतरतं. अल्ब्युमिन स्वतः रक्तातलं मोठं अँटीऑक्सिडंट आहे, त्यामुळे 3.2 हा आकडा दोन्ही बाजूंनी वाईट. आणि वर्षं जातात तसं बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन सांध्यांत साचतं, ऑक्सिडीकरणाने ते अधिकच चिवट होतं. वडिलांना रात्री हाताच्या बोटांना मुंग्या येतात का, खांदा दुखतो का, ते विचारा. मनगटातली नस दबल्याची ती सुरुवात असू शकते.

आता तुमच्या वडिलांचे आकडे. फेरिटिन 890 आणि सॅच्युरेशन 18 ही जोडी नीट बघा. फेरिटिन म्हणजे कोठारातलं लोह, सॅच्युरेशन म्हणजे रस्त्यावर धावणारं. कोठार भरलेलं, रस्ता रिकामा. शरीरात कुठे दाह धुमसत असेल तर यकृत हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन सोडतं आणि ते लोहाला कोठारातच कोंडून ठेवतं. सीआरपी 22 त्याचीच साक्ष देतो. म्हणजे रक्त न वाढण्याचं कारण फक्त लोहाची कमतरता हे नाही, त्यावर नुसतं इंजेक्शन वाढवणं हेही उत्तर नाही. दाह आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जुळ्या भावांसारखे असतात. एक सापडला की दुसरा जवळच असतो.

माझ्या मते पहिला संशयित मानेतलं कॅथेटर. आठ महिने शरीरात असलेल्या नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा पातळ थर बसतो. ताप येतोच असं नाही, पण पांढऱ्या पेशी रोज त्याच्याशी झुंजत राहतात. डायलिसिस सुरू झाल्यावर तासाभरात थंडी वाजते का, याची नोंद ठेवा. वाजत असेल तर पॅरासिटामॉल देऊन वेळ मारून न्यायची नाही. अँटिबायोटिक द्यायच्या आधी कॅथेटरमधून आणि हातातून, दोन्हीकडून रक्त कल्चरला जायला हवं. खरा उपाय नवा फिस्टुला. दुसऱ्या हाताचं डॉपलर करून शिरा बघून घ्या. शस्त्रक्रियेनंतर तो तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून हा निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलू नका. त्या हातात आजपासून सुई नाही, सलाइन नाही, रक्तदाबाचा पट्टाही नाही. बंद पडलेल्या जुन्या फिस्टुलाच्या जागी कृत्रिम नळी असेल तर तीही तपासून घ्या. वापरात नसलेली नळी आतून गुपचूप सडलेली असू शकते.

दुसरा संशयित तोंड. तंबाखू आणि चुन्याने हिरड्या सुजलेल्या, दात हललेले असतात, आणि तो दाह थेट रक्तात उतरतो. तंबाखू स्वतःही ऑक्सिडीकरण वाढवते. आपल्याकडे बायका मिश्री लावतात, तीही भाजलेली तंबाखूच. घरात आणखी कुणी डायलिसिसवर असेल तर त्यांनाही हे लागू. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जा, म्हणजे डायलिसिसमध्ये दिलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा अंमल उतरलेला असतो.

आणि तिसरी जागा पाणी. यावर थोडं जास्त लिहितो, कारण रुग्णाच्या घरचे हे कधी विचारत नाहीत.

डायलिसिसचं द्रव मिनिटाला 500 मिलीलीटर वाहतं. चार तासांत 120 लीटर, आठवड्याला 360 लीटर. वडील पितात ते पाणी आठवड्याला फार तर सात-आठ लीटर असेल. प्यायलेलं पाणी आतड्यातून गाळून रक्तात येतं, हे 360 लीटर मात्र केसाहून बारीक पडद्यापलीकडे रक्ताला लागून वाहतं. पिण्याच्या पाण्यात नळाशी लीटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असायला हवं. डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरीन 0.1 च्या वर जाता कामा नये. म्हणजे जे पाणी प्यायला उत्तम, ते डायलिसिसला सरळ वापरलं तर घातक. त्यातलं क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) पडद्यातून रक्तात शिरतं, हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण करून ऑक्सिजन वाहू न शकणारं मेथहिमोग्लोबिन बनवतं आणि लाल पेशी फोडतं.

सोलापुरात ही अडचण जास्त नाजूक आहे. नळाला पाणी काही दिवसांच्या आड येतं, मध्ये टँकर आणि बोअर. उजनीच्या पाण्यात क्लोरीन एका मापाचं, टँकरमध्ये हाताने टाकलेली टीसीएल वेगळ्याच मापाची, बोअरचं पाणी जड. त्यामुळे आज आलेला रिपोर्ट उद्याच्या पाण्याला लागू पडेलच असं नाही. आरओचा पडदा क्लोरामाइन नीट अडवत नाही, ते काम कार्बनच्या टाक्यांचं. टाक्या दोन हव्यात, एकामागे एक, आणि पाणी दोन्हींत मिळून किमान 10 मिनिटं कार्बनला लागून राहायला हवं. आरओला ताशी 1000 लीटर पाणी जात असेल तर 10 मिनिटांचे झाले 167 लीटर. म्हणजे दोन्ही टाक्यांत मिळून इतका कार्बन हवा. जागा नाही म्हणून बसवलेल्या चिमुकल्या टाक्या ही अट पाळू शकत नाहीत, मग कार्बन नवा असला तरी क्लोरामाइन निसटतं.

तपासणी अशी व्हायला हवी. सकाळी प्लांट सुरू करून किमान 15 मिनिटं पाणी वाहू द्यायचं, कारण रात्रभर टाकीत थांबलेलं पाणी खोटा चांगला आकडा देतं. मग नमुना पहिल्या आणि दुसऱ्या टाकीच्या मधल्या कॉकमधून घ्यायचा, शेवटून नव्हे. एकूण क्लोरीनची डीपीडी चाचणी करायची. ग्रामपंचायतीत वापरतात ती ओटी टेस्ट इतका बारीक आकडा भरवशाने दाखवत नाही. निकाल लगेच वहीत लिहायचा, वेळ आणि सहीसह. पहिल्या टाकीनंतर 0.1 च्या वर आलं तर दुसऱ्या टाकीनंतर घ्यायचं. तिथे ठीक असेल तर शिफ्ट चालेल, पण चाचणी वारंवार करत राहायची आणि पहिली टाकी लगेच बदलायची. तिथेही वर असेल तर डायलिसिस थांबवायचं, त्याला दुसरा पर्याय नाही. ही चाचणी दर शिफ्टच्या आधी, दिवसातून एकदा नव्हे.

एक खूण घरच्यांनाही ओळखता येते. एकाच सेंटरवरच्या पाच-सहा रुग्णांचं हिमोग्लोबिन एकाच महिन्यात उतरलं, तर दोष रुग्णांत नसतो, पाण्यात असतो. चालू डायलिसिसमध्ये लाइनमधलं रक्त दाट लाल न दिसता द्राक्षाच्या रसासारखं पारदर्शक गडद दिसायला लागलं, सोबत पाठ दुखली, छाती दडपली, तर लाल पेशी फुटत आहेत असं धरायचं. पंप बंद, लाइनला क्लॅम्प, आणि ते रक्त शरीरात परत द्यायचं नाही. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडलेलं असतं.

क्लोरीन काढलं की पाणी निर्धोक झालं असंही नाही. उलट कार्बननंतर जंतूंना आवरणारं काहीच उरत नाही. मेलेल्या जंतूंच्या कवचाचे तुकडे, एंडोटॉक्सिन, पडद्यातून उलटे रक्तात झिरपतात आणि पांढऱ्या पेशींना पुन्हा भडकवतात. ताप येईल इतकं जास्त नसलं तरी आठवड्यातून तीनदा थोडं थोडं हे चालूच राहतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे डायलिसिसच्या पाण्यात मिलीलीटरला जंतू 100 च्या खाली आणि एंडोटॉक्सिन 0.25 युनिटच्या खाली हवं. अतिशुद्ध द्रवात जंतू 0.1 आणि एंडोटॉक्सिन 0.03 च्या खाली. मशीनवर एंडोटॉक्सिन अडवणारा फिल्टर असेल आणि तो वेळेवर बदलला जात असेल तर बराच फरक पडतो. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, त्यात बायकार्बोनेटचं द्रावण कालवून कॅनमध्ये ठेवलेलं. जंतूंना याहून चांगली जागा नाही. ते द्रावण 24 तासांत संपवायचं, उरलेल्यात नवं ओतायचं नाही, कॅन रोज धुऊन वाळवायचे.

डायलायझर पुन्हा वापरत असतील तर दोन गोष्टी विचारा. आतल्या नळ्यांची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या खाली गेली की तो फेकला जातो का? आणि जोडण्याआधी पेरॅसेटिक ॲसिडचा अंश शिल्लक नाही हे पट्टीने तपासतात का? ते ॲसिड स्वतःच जोरदार ऑक्सिडीकारक आहे, राहून गेलं तर थेट रक्तात जातं. हे प्रश्न विचारताना तक्रारीचा सूर नको. चांगले टेक्निशियन अशा प्रश्नांनी सुखावतात, वही उघडून दाखवतात.

आता लोह. मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, आणि त्याला आवरणारं विकर शरीराकडे नाही. त्यामुळे शिरेतून दिलेलं लोह ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवतं हे प्रयोगशाळेत खरंच दिसतं. पण एवढ्यावरून लोह बंद करणं चूक. लाइनमध्ये आणि फिल्टरमध्ये राहणारं रक्त, वारंवारच्या तपासण्या यांतून वर्षाला एक-दोन ग्रॅम लोह सहज जातं. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या पिव्होटल चाचणीचे निकाल 2018 मध्ये आले. महिन्याला 400 मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज नेमाने देऊन, फेरिटिन 700 च्या वर किंवा सॅच्युरेशन 40 टक्क्यांवर गेलं की थांबवायचं, अशी पद्धत होती. त्या गटात हृदयाच्या घटना वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. म्हणून वडिलांसाठी क्रम असा ठेवा: आधी संसर्ग शोधा, तो चालू असेपर्यंत लोह थांबवा, तो निवळल्यावर सॅच्युरेशन बघून नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतील. सोबत पॅराथायरॉइड हॉर्मोन आणि बी-12 एकदा बघून घ्या. इंजेक्शनला दाद न देण्यामागे तीही कारणं असतात.

क जीवनसत्त्वाची गोळी थांबवा म्हटलं ते याच लोहामुळे. ते लोहाला पुन्हा पुन्हा त्या धोकादायक रूपात आणून ठेवतं, म्हणजे कोठार भरलेल्या माणसात अँटीऑक्सिडंट उलटं काम करू शकतं. शिवाय जादा क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं. मूत्रपिंड ते टाकू शकत नाही, मग ते हाडांत, रक्तवाहिन्यांत, हृदयात साचतं. गरज दिवसाला 60 ते 100 मिलिग्रॅमचीच आहे. डायलिसिसच्या रुग्णांसाठी मिळणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत तेवढं असतं. ती डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावर घ्यायची, आधी घेतली तर धुऊन जाते. आवळ्याचा रस, आवळ्याची पूड हेही याच कारणाने नको. हळद भाजीत पडते तेवढी ठीक, हळदीच्या कॅप्सूल नकोत, त्यांतही ऑक्झलेट असतं. अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन टाळा, ते मूत्रपिंड निकामी असताना साचतं. आणि कमरक (स्टार फ्रूट) हे फळ तर चुकूनही नाही. डायलिसिसच्या रुग्णाला त्याने उचक्या, भ्रम, झटके येतात आणि जीवही जातो.

ई जीवनसत्त्वाबद्दल खरं काय ते सांगतो. 2000 साली इस्राएलमध्ये हृदयविकार असलेल्या 196 डायलिसिस रुग्णांना दिवसाला 800 युनिट देऊन पाहिलं. हृदयाच्या घटना कमी झाल्या, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. 2003 मध्ये जर्मनीत 134 रुग्णांना ॲसिटिलसिस्टीन 600 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, तिथेही हृदयाच्या घटना घटल्या. हे वाचून आशा वाटते. पण 2014 मध्ये अमेरिकेतल्या तीनशेहून जास्त रुग्णांवर ई जीवनसत्त्वाची मिश्र रूपं आणि अल्फा लिपॉइक ॲसिड सहा महिने देऊन पाहिलं, तेव्हा दाहाच्या आणि ऑक्सिडीकरणाच्या खुणा जिथल्या तिथे राहिल्या. छोट्या चाचण्यांतला फायदा मोठ्यांत टिकत नाही, हा अनुभव या विषयात वारंवार येतो. वडील ॲस्पिरिन घेत असतील आणि हेपॅरिनही मिळत असेल, तर जास्त ई जीवनसत्त्वाने रक्तस्राव वाढण्याची भीती वेगळीच. दुकानातल्या ‘अँटीऑक्सिडंट’ कॅप्सूलमध्ये तर कशाचं किती हे वाचायलाच भिंग लागतं. महिन्याचे ते पैसे अंड्यांवर घाला.

प्रथिनं किलोला 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, म्हणजे वडिलांना दिवसाला 60 ते 72 ग्रॅम. दोन अंड्यांच्या पांढऱ्या बलकात 7 ग्रॅम मिळतात, फॉस्फरस जवळजवळ नाही. ज्वारीची भाकरी चालेल. शेंगा चटणीबद्दल सोलापूरच्या माणसाला ‘बंद’ म्हणणं मला पटत नाही; चमचाभर चटणीत पोटॅशियम 70 मिलिग्रॅमच्या आसपासच असतं. अडचण मिठाची आहे. घरी मीठ अगदी कमी घालून कुटलेली चटणी चमचाभर द्या.

मीठ का महत्त्वाचं? साधारण 8 ग्रॅम मीठ लीटरभर पाणी धरून ठेवतं. दोन डायलिसिसमध्ये वजन चार किलो वाढलं की चार तासांत चार लीटर खेचावं लागतं. किलोला तासाला 13 मिलीलीटर ही वरची मर्यादा धरली तर 60 किलोच्या माणसाचे चार तासांत 3.1 लीटर होतात; वाढ दोन-अडीच किलोत राहिली तर उत्तम. त्याहून जोरात ओढलं की रक्तदाब कोसळतो, हृदय आणि आतडं काही मिनिटं उपाशी राहतात, आणि रक्त परत आल्यावर तिथे ऑक्सिडीकरणाचा भडका उडतो. आतड्याची भिंत सैल होऊन तिथलं एंडोटॉक्सिनही रक्तात शिरतं. उन्हाळ्यात तहान आवरत नाही हे मान्य. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवा, त्यातलं थोडं बर्फाच्या छोट्या खड्यांत गोठवा, चूळ भरायला मोकळीक द्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. इंडॉक्सिल सल्फेटसारखी द्रव्यं आतड्यातच जन्मतात, अल्ब्युमिनला चिकटतात आणि डायलिसिसला फारशी हाती लागत नाहीत. इसबगोलाला भरपूर पाणी लागतं, म्हणून डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज बरं.

आता डाळिंब. 2012 मध्ये इस्राएलमध्येच 101 डायलिसिस रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. दर डायलिसिसला 100 मिलीलीटर डाळिंबाचा रस, म्हणजे आठवड्यातून तीनदा. ऑक्सिडीकरणाच्या खुणा उतरल्या, संसर्गाने भरती व्हायचं प्रमाण कमी झालं. चाचणी लहान आहे, पण त्यातली युक्ती बघा: रस डायलिसिस चालू असताना दिला. 100 मिलीलीटर रसात पोटॅशियम 200 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ते पोटातून रक्तात येईपर्यंत मशीन चालूच असतं. ग्लासभर रस म्हणजे 500 मिलिग्रॅम, दिवसाच्या एकूण मुभेचा जवळजवळ पाव भाग. तोही शनिवारी डायलिसिस झाल्यावर सोमवारपर्यंत रोज घेतला तर पोटॅशियम चढायला वेळ लागत नाही.

तर असं करा. घरी दाणे सोलून, साखर-मीठ न घालता, गाळून बरोबर 100 मिलीलीटर रस झाकणाच्या छोट्या बाटलीत न्या. डायलिसिसच्या पहिल्या तासात घोट घोट द्या. तो दिवसाच्या पाण्यात मोजा. मधुमेह असेल तर साखरेतही धरा. डायलिसिसआधीचं पोटॅशियम 5.5 च्या वर येत असेल तर तोही नाही. एरवीच्या दिवशी चव म्हणून मूठभर दाणे पुरेत.

सेंटरवर हिमोडायफिल्ट्रेशनची, म्हणजे जास्त द्रव वापरून रक्त अधिक गाळणाऱ्या डायलिसिसची, सोय असेल तर विचारून बघा. 2023 मध्ये आलेल्या युरोपातल्या 1360 रुग्णांच्या चाचणीत जास्त मात्रेच्या हिमोडायफिल्ट्रेशनने मृत्यू कमी झाले. पण त्यात तयार द्रव थेट रक्तात जातं, म्हणून पाणी अतिशुद्ध नसेल तर त्या वाटेला न गेलेलंच बरं. पोटाच्या डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर जातच नाही, मात्र साखरेच्या द्रावणातले विघटित पदार्थ पोटाच्या पडद्याला हळूहळू जाळतात. प्रत्यारोपणानंतर या सगळ्या खुणा इतर कशाहीपेक्षा जास्त उतरतात. 59 हे वय त्याच्या आड येत नाही. सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो. नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत होते, म्हणून कागद लवकर करा.

मॅलोनडायअल्डिहाइड वगैरे ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ करून घेऊ नका, त्या आकड्यावरून उपचार बदलत नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन, सॅच्युरेशन, अल्ब्युमिन, सीआरपी हीच पाच खरी. दात आणि कॅथेटरचा निकाल लागल्यावर तीन महिन्यांनी ती पुन्हा करा. रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधी घ्यायचं, आणि लोह दिलं असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान आठवडा जाऊ द्यायचा; त्याआधीचं फेरिटिन खोटं वर दिसतं.